पत्रिकेची मागची बाजू

आप्पा चहाचा पहिला घोट रस्त्याला द्यायचे. टपरीसमोर उभं राहायचं, कप तिरका करायचा, चमचाभर चहा डांबरावर सांडायचा आणि उकिडवं बसून तो कुठं जातोय ते बघायचं. चहाचा ओघळ थांबला की उठायचं, शर्टाच्या खिशातून कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका काढायची, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडायचं आणि मग उरलेला चहा प्यायचा. टपरीवाल्यांना वाटायचं माणूस देवभोळा आहे, भूमातेला नैवेद्य दाखवतोय. साताऱ्यातला एक जण तर त्यांचा कप मुद्दाम काठोकाठ भरून द्यायचा. मला माहीत होतं की हा गृहस्थ रस्त्याचा उतार बघतोय, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला समंजस वगैरे समजायला नको. मी आप्पांवर जळायचो. अगदी पोटातून जळायचो. मी उपअभियंता, ते माझ्या हाताखालचे ओव्हरसियर. मी सांगलीचा, एम.ई., वाहत्या पाण्याच्या गणितात सुवर्णपदक मिळवलेला. ते डिप्लोमावाले, कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावचे, जिथं मार्च लागला की टँकरची वाट बघतात. मी कृष्णाकाठचा माणूस, आमच्या गल्लीत होड्या आलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. आणि ज्याच्या गावाला प्यायला पाणी नाही त्यानं मला पाणी शिकवायचं, हे कसं गिळायचं तुम्हीच सांगा.

साताऱ्यात पहिल्याच कामात त्यांनी मला चितपट केलं. एका उतरत्या रस्त्याचं रुंदीकरण होतं, दोन्ही कडेला नवीन गटारं. पावसात तिथलं पाणी गटारात न जाता रस्त्यावरनंच सुसाट खाली जायचं आणि खालच्या चौकातल्या दुकानांत शिरायचं. मी आठ दिवस खपून बारा पानांचं गणित मांडलं, गटाराच्या तोंडावरच्या जाळ्या दुप्पट करा म्हणून सुचवलं. मोठ्या साहेबांनी ती पानं चाळली आणि दारात उभ्या असलेल्या आप्पांना विचारलं, तुमचं काय मत.

"पाणी अडाणी हाय सायब," आप्पा म्हणाले. "त्याला ड्रॉइंग वाचता येत न्हाई. उतारावनं पळत आलेलं जाळीवरनं उडी मारून जातंय. जाळीच्या आधी हातभर खोलगट ठिवा. तितं जरा दम खाईल, मग जाईल आत."

मोठे साहेब हसले आणि त्यांनी माझ्या बारा पानांवर चहाचा कप ठेवला. खोलगट केलं, पाणी आत गेलं, दुकानं कोरडी राहिली. त्या कपाचा गोल डाग असलेलं पान माझ्याकडं अजून आहे.

त्यांच्या एकेक तऱ्हा. खांद्यावर गवंड्याची पारदर्शक नळी वेटोळं करून टाकलेली, तिच्यात पाणी भरून ते दोन घरांच्या उंबऱ्यांची उंची ताडून बघायचे. ऑफिसात लाखमोलाची यंत्रं, पण आप्पांचा जीव त्या नळीत. पायात रबरी चप्पल, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, मे महिन्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांचं म्हणणं असं, की शहरातला रस्ता रुंद करताना रस्त्याकडं बघायचं नसतं, उंबऱ्यांकडं बघायचं असतं. दर दोन-चार वर्षांनी डांबराचा एक थर चढतो, रस्ता वर येतो, उंबरे खाली जातात आणि मग लोकांच्या घरात पाणी येतं. म्हणून ते प्रत्येक दारात बसायचे. घरातल्या बायकांना विचारायचे, वहिनी, पाणी आलं तेव्हा कुठवर आलं होतं. बाई हात करून सांगायची, डब्यांच्या दुसऱ्या फळीपर्यंत. आप्पा फळी मोजायचे. त्या बायका त्यांना चहा द्यायच्या, पोरांच्या सोयरिकीबद्दल सल्ले विचारायच्या आणि पुढं लग्न ठरलं की पहिली पत्रिका आप्पांना. त्या पत्रिकांच्या मागं त्यांचं सगळं काम. जाड कागद, घामानं मऊ पडत नाही, म्हणायचे. आमच्या ऑफिसात नियमच झाला होता, आप्पांनी पत्रिका दिली की आधी उलटून बघायची.

मला इतक्या वर्षांत एकाही रस्त्यावरच्या माणसानं लग्नाला बोलावलं नव्हतं. तसं मला लग्नाला जायला आवडतं असंही नाही. पण बोलवायला काय हरकत होती.

आणखी एक खोड म्हणजे पायऱ्यांना हात लावायचा. सर्वे करताना सगळ्या उंच्या एका पक्क्या, न हलणाऱ्या जागेवरून मोजाव्या लागतात. एखादा कोरलेला दगड, जुन्या इमारतीचं जोतं, दुकानाची पायरी. तिला आम्ही बेंचमार्क म्हणतो. आप्पांनी जिथं जिथं असे बेंचमार्क धरले होते, त्या प्रत्येक पायरीला ते आठवड्यातून एकदा जाऊन हात लावायचे. खाली वाकून, तळवा टेकवून, जरा वेळ तसंच. बघणाऱ्याला वाटावं, दर्शन घेतायत. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, आप्पा, पायरी काय पळून जाणार आहे का. सगळे हसले. आप्पापण हसले आणि म्हणाले, पायरी न्हाई पळत, माणसं पळवत्यात.

माझी बदली सांगलीला झाली तेव्हा मी साताऱ्यातून निघताना इतका खूश होतो की सगळ्या स्टाफला कंदी पेढे वाटले. सहा महिन्यांत आप्पाही बदलून सांगलीला. मोठे साहेबही तिकडंच आले होते, त्यांनीच मागून घेतलं असणार.

एकदा कसलीशी फाइल द्यायला ते आमच्या घरी आले. माझ्या आईची कित्येक वर्षांची एक तक्रार होती, आतल्या खोलीचा एक कोपरा ओला राहायचा, भिंतीला पोपडे यायचे. मी दोनदा महागडा रंग मारून घेतला होता. आप्पांनी भिंतीला हात लावला, मागच्या अंगणात गेले, धुण्याच्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि बसून बघितलं. दगड बोटभर घराकडं कलला होता. त्यांनी एक कौलाचा तुकडा दगडाखाली सारला, हात धुतले आणि फाइलवर माझी सही मागितली. महिन्याभरात भिंत खडखडीत. आईनं त्यानंतर मला किती वेळा विचारलं असेल, तुझे ते ओव्हरसियर परत कधी येणार आहेत म्हणून. सुवर्णपदक त्याच भिंतीवर लावलेलं होतं. ते तिनं कोपरा वाळल्यावर पुसून परत लावलं, आप्पांचं नाव घेत.

मग तो रस्ता आला. शहरातला जुना, अरुंद, बाजारातून जाणारा. तो दुप्पट रुंद करायचा आणि दोन्ही बाजूंना नवीन बंदिस्त गटारं घालून पाणी थेट नाल्याला पोचवायचं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं डिझाइन. आमच्या सांगलीत साताऱ्यासारखा उतार नाही, सगळं सपाट. शंभर पावलांत पाण्याला दोन-तीन बोटांचा उतार मिळाला तरी नशीब म्हणायचं. मी सहा महिने त्या ड्रॉइंगवर बसलो. त्या रेघा बघून मोठे साहेबसुद्धा म्हणाले, देखणं झालंय. आणि मी मनाशी ठरवलं की या रस्त्यावर चहा सांडला जाणार नाही.

सर्वे आप्पांनीच केला होता. वरच्या टोकाला शाळेच्या कुंपणातला जुना दगड आणि खालच्या टोकाला पिठाच्या गिरणीची पायरी, हे दोन बेंचमार्क त्यांनीच धरलेले. सर्वे झाला, आता माझं त्यांच्याशी काम नव्हतं. मी मोठ्या साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, आप्पांची रिटायरमेंट जवळ आलीय, गुडघे दुखतात, त्यांना त्यांच्या तालुक्यात घराजवळ टाका. साहेबांना माझा कळवळा बघून भरून आलं. सगळं ऑफिस म्हणालं, बघा, हाताखालच्या माणसाची किती काळजी. फक्त आप्पांना खरं कारण कळलं होतं.

जायच्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले, टेबलावर एक लग्नपत्रिका ठेवली. "बघून घ्या सायब," एवढंच म्हणाले आणि गेले. मी बघितली. गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न. माझ्या रस्त्यावरचा गिरणीवाला, त्याच्या दारावरनं माझं गटार जाणार, आणि त्यानं बोलावलंय कुणाला, तर ओव्हरसियरला. आणि हे जाता जाता मला ते दाखवून चाललेत. मी पत्रिका ड्रॉवरमध्ये टाकली. उलटून बघायची असते हे मला माहीत होतं. ऑफिसातल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. मी नाही उलटली. विसरलो नाही, मुद्दाम नाही उलटली.

टेंडर, अतिक्रमणं, विजेचे खांब हलवणं यात बरेच महिने गेले. मग काम दणक्यात सुरू झालं. ठेकेदारानं दोन टोळ्या लावल्या. एक वरून निघाली, शाळेचा दगड धरून. दुसरी खालून निघाली, गिरणीची पायरी धरून. मध्ये दोन्ही गटारं एकमेकांना मिळायची होती. ज्या दिवशी मिळायची त्या दिवशी मी नवीन शर्ट घालून गेलो होतो.

खालून आलेल्या गटाराचा तळ वरून आलेल्या गटाराच्या तळापेक्षा चार बोटं उंच होता. म्हणजे वरचं पाणी खाली जाणारच नव्हतं. तिथंच तुंबून मागं फिरणार आणि वरच्या अंगाच्या चाळीस-पन्नास घरांत शिरणार. लोक जमले, वाकून बघायला लागले. ठेकेदार माझ्याकडं बघत होता.

मी गिरणीकडं पळत सुटलो. पायरीवर काळंभोर ग्रॅनाइट चकाकत होतं. गिरणीवाला कौतुकानं म्हणाला, पोरीच्या लग्नाला बसवलं साहेब, पाव्हणे यायचे होते. मग म्हणाला, आप्पांनी तेव्हाच हात लावून बघितलं होतं, म्हणाले होते की साहेबांना सांगतो. मी ऑफिसात आलो, दार लावलं, ड्रॉवर उघडला आणि पत्रिका उलटली. पेन्सिलीनं लिहिलं होतं, "गिरणीची पायरी आता चार बोटं वर. ग्रॅनाइट बसवलंय. खालचं काम शाळेच्या दगडावरनंच धरा."

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी मीटिंग लावली. आप्पांना बोलावून घेतलं, बेंचमार्क त्यांनी धरला होता ना. मी ती पत्रिका खिशात घालून बसलो होतो. देवाशपथ सांगतो, सांगायच्या तयारीनंच बसलो होतो. साहेबांनी विचारलं, आप्पा, पायरी बदलली हे तुम्हाला माहीत होतं का.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. चहाचा ओघळ कुठं जातोय ते बघावं तसं.

"म्हाईत हुतं," ते म्हणाले. "सांगायचं ऱ्हाऊन गेलं. माझी चूक."

मी बोललो नाही. पत्रिकेचा कोपरा मांडीला टोचत होता आणि मी बोललो नाही.

खालचं दोनशे मीटर गटार फोडलं आणि परत बांधलं. दोन महिने लोक दारातनं फळ्यांवरून रस्त्यावर आले, एक म्हातारे गृहस्थ पडले, सुदैवानं निभावलं. मला एक शब्द कुणी बोललं नाही. आप्पांना लेखी ठपका मिळाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची एकसुद्धा लेव्हल चुकलेली नव्हती. त्या माणसाला दुसरा कसला गर्वच नव्हता. आणि ते रिटायर झाले तेव्हा सातारा-सांगलीतल्या सगळ्या ऑफिसांत त्यांचं नाव पडलं होतं, चारबोटे आप्पा. मी आईला घरी सांगितलं की तुझ्या ओव्हरसियरांनी घोळ घातला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ते नाही चुकायचे, तू नीट बघ.

मला बढती मिळाली. रस्ता देखणा झाला, पाणी नीट जातं. मला वाटलं होतं की आप्पा गेले, आता जळायचं कारण उरलं नाही. झालं उलटंच. आधी मी त्यांच्या हुशारीवर जळत होतो, आता त्यांच्या चांगुलपणावर जळायला लागलो. हुशारीला उत्तर देता येतं. हा माणूस माझी चूक खिशात घालून निघून गेला होता आणि मी त्याच्यापुढं कायमचा ठेंगणा झालो होतो.

गेल्या वर्षी पोस्टानं पत्रिका आली. आप्पांच्या नातीचं लग्न, गावीच. पाकिटावर माझं नाव त्यांच्या हातचं. मी उभ्या उभ्याच पत्रिका उलटली. मागं काही नव्हतं. उजेडात धरून बघितली, पेन्सिलीची पुसट खूणसुद्धा नव्हती. नुसतं लग्नाला बोलावलं होतं.

गेलो. जुनं ऑफिस सगळं आलं होतं, रिटायर झालेले मोठे साहेब, गिरणीवालासुद्धा. पंगतीत साहेब रंगात आले आणि आप्पा वाढायला आले तसे म्हणाले, काय आप्पा, मांडव तरी लेव्हलमध्ये आहे ना, का हाही चार बोटं इकडंतिकडं. पंगत हसली. आप्पाही हसले. त्यांच्या हातातलं भात वाढायचं उलथनं जरासं थांबलं, मी शेजारीच होतो म्हणून मला दिसलं.

आणि मी बोललो. पत्रिका बरोबर आणलीच होती, ती जुनी. साहेबांच्या पानाशेजारी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आप्पांनी मला लिहून दिलं होतं. मी उलटून बघितलं नाही. त्यांच्यावर जळत होतो म्हणून बघितलं नाही. चूक माझी होती, आणि मीटिंगमध्ये मी गप्प बसलो."

मी मनाची तयारी करून बसलो होतो. लोक काय ते बोलतील, शिव्या घालतील, ऐकून घेऊ. पण माझ्याकडं बघायला कुणाला सवड होती. साहेब उष्ट्या हातानं उठले आणि त्यांनी आप्पांना मिठी मारली. गिरणीवाला डोळे पुसायला लागला. केवढा माणूस, काय मन, दुसऱ्याचा ठपका आपल्या अंगावर घेतला. जो तो आप्पांच्या पाया पडायला धावला. इतक्या वर्षांनी मी आतडी पिळवटून कबुली दिली, आणि वाहवा झाली आप्पांची. त्या गडबडीत एका पाहुण्यानं मला वाढपी समजून मठ्ठा मागितला. मी दिला.

जेवण झाल्यावर हात धुवायला मांडवामागं गेलो. आप्पा तांब्या घेऊन आले आणि माझ्या हातावर पाणी ओतायला लागले. चारशे माणसं तिथं हात धुऊन गेली होती आणि कुठं चिखल नव्हता, सगळं पाणी दोन बोटांच्या चरातून निमूट डाळिंबाच्या झाडांकडं चाललं होतं. ते बघून माझ्या पोटात परत एकदा दुखलं.

"सायब, ह्या लोकांचं काय मनावर घिऊ नगा," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "निम्मी चूक माझी हुतीच. तुमी मला कामातनं काढलं, मला लय राग आला हुता. तोंडानं सांगितलं आसतं तर दोन मिनिटाचं काम. म्हटलं, लिवून ठिवतो. बघतील तर बघतील." मग म्हणाले, "न्हाई बघितलं तर बरंच, आसंबी वाटलं हुतं."

मी विचारलं, का पण, आप्पा?

"तुमच्या त्या रेघा. मला जन्मात जमल्या न्हाईत. माझं सगळं डोक्यात आन् पत्रिकंवर, मी गेलो की गेलं. तुमचं ड्रॉइंग कपाटात ऱ्हातंय. तुमी ते उलगडून दावायला लागला की मी भाईर जाऊन उभा ऱ्हायाचो."

खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा पंगतीला बसलो असतो. म्हणजे इतकी वर्षं हा माणूसही माझ्यावर जळत होता. कुणी तरी हे आधी सांगायला काय झालं होतं.

मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं. गावातला रस्ता रुंद करायचा ठरलाय, गटारं घालायचीत, म्हणाले. त्यांनी नळी लावून सगळे उंबरे मोजलेत, उतार काढलाय, पण ग्रामपंचायत त्यांचं ऐकत नाही, नकाशा मागते. मी नातीच्या लग्नाची पत्रिका खिशातून काढली, मागची कोरी बाजू वर केली आणि त्यांच्याकडं पेन मागितलं. ते आकडे सांगत गेले, मी रेघा मारत गेलो. एकही आकडा त्यांनी कागद बघून सांगितला नाही. माझ्याकडं पट्टी नव्हती, तरी माझी एकही रेघ वाकडी गेली नाही.

खाली नाव कुणाचं घालू, असं मी विचारलं. तुमचंच घाला, म्हणाले. मी दोघांचं घातलं. माझं जरा मोठ्या अक्षरांत.